ऑस्कर राबिन : एका पासपोर्टची गोष्ट

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात पासपोर्ट कसा कुलपात जपून ठेवलेला असतो! रशियन चित्रकार ऑस्कर राबिन यांनी १९७२ साली आपल्या सोव्हिएत पासपोर्टचेच चित्र रंगवले. त्यात 'मृत्यूचे ठिकाण' असा मनाचाच एक रकाना घातला आणि पुढे लिहिले : कुंपणाखाली? इस्रायलमध्ये? वडील ज्यू, आई लाटव्हियन, दोघेही डॉक्टर. १९२८ साली मॉस्कोत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला.

पुढे चित्रकार-कवी येवगेनी क्रोपिवनित्स्की हे गुरू लाभले आणि त्यांचीच कन्या व्हॅलेंटिना, तीही चित्रकार, पत्नी झाली. पोटासाठी राबिन रेल्वेत काम करत. मॉस्कोजवळ लिआनोझोवो येथे बराकीतल्या खोलीत त्यांचा संसार होता. रविवारी तिथे रसिक चित्रे पाहायला जमत. चित्रे कसली? कललेल्या बराकी, वर्तमानपत्रावर ठेवलेला खारा मासा, व्होडकाची बाटली. सरकारला हवे होते हसरे कामगार! त्यामुळे १९६५ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत त्यांचे प्रदर्शन भरले, पण मायदेशात दालन मिळेना.

शेवटी १५ सप्टेंबर १९७४ रोजी राबिन आणि त्यांच्या मित्रांनी मॉस्कोच्या बेल्यायेवो भागात मोकळ्या माळावर चित्रे मांडायचे ठरवले. सरकारने बुलडोझर आणि पाण्याच्या गाड्या पाठवल्या. चित्रे चिरडली गेली, परदेशी पत्रकारांनाही मार बसला. राबिन चक्क बुलडोझरच्या पात्याला लोंबकळले. जगभर इतकी छी-थू झाली, की दोनच आठवड्यांनी इझमाइलोवो उद्यानात चार तासांच्या प्रदर्शनाला परवानगी द्यावी लागली. हजारो लोक लोटले. माझ्या मते सोव्हिएत कलेच्या इतिहासात हे चार तास फार मोठे आहेत.

त्याची किंमत राबिन यांनी मोजली. १९७८ साली ते कुटुंबासह पॅरिसला गेले आणि त्याच वर्षी त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. आपल्यापैकी अनेकांनी नागरिकत्व बदलले ते घरात चार वेळा चर्चा करून. राबिन यांना कुणी विचारलेच नाही. १९९० साली ते परत मिळाले, पण रशियन पासपोर्ट हाती पडायला २००६ साल उजाडले. राहिले मात्र ते पॅरिसलाच.

७ नोव्हेंबर २०१८ रोजी, म्हणजे नेमक्या बोल्शेव्हिक क्रांतीच्या वर्धापनदिनी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ठिकाण : फ्लॉरेन्स, इटली.