कल्हई भांड्याच्या आत

सोंग उघडकीला आले की आपण ‘पितळ उघडे पडले’ म्हणतो आणि त्याच ओघात कल्हईलाही मुलाम्याच्या पंक्तीला बसवतो. हा कल्हईवर अन्याय आहे. मुलामा पितळेला सोने म्हणून खपवतो. कल्हईने तांब्याला दुसरे काही म्हणून कधी खपवले नाही. भांड्याची झीज लपवण्याऐवजी ती मान्य करून वेळच्या वेळी भरून काढणे, हेच या धंद्याचे काम होते.

पहिला पुरावा कल्हई कुठे लावत, यातच आहे. पातेले बाहेरून चिंच आणि राखेने घासून लखलखीत ठेवत. फडताळात ओळीने मांडलेल्या भांड्यांचा लाल-पिवळा रंग हेच घराचे वैभव असे. कथलाचा पांढरा थर मात्र आतून, जिथे पाहुण्याची नजर सहसा जात नाही तिथे. पाण्याचा हंडा, घागर, अंघोळीचा बंब यांचे त्यावाचून अडत नसे. कल्हई लागायची ती आमटीच्या, साराच्या, कढीच्या भांड्याला, कारण चिंच, आमसूल आणि ताक उघड्या तांब्यापितळेशी लागले की पदार्थ कळकतो. उलथन्याच्या ओरखड्यातून आतले तांबे डोकावू लागले की ते पातेले बाजूला निघे आणि कल्हईवाल्याच्या हाकेची वाट पाहिली जाई. तो ओरखडा म्हणजे घरच्यांना मिळालेली सूचना होती, त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. पुण्याच्या कसबा पेठेत पेशवाईपासून नांदलेल्या तांबट आळीचे मठारकाम पाहिले, तरी हेच जाणवते. हातोडीच्या सारख्या ठोक्यांनी तांबे कठीण होते आणि त्या ठोक्यांच्या खुणा भांड्यावर राहतात. त्या पुसून अंग गुळगुळीत करावे असे तांबटाला वाटत नाही.

दुसरा पुरावा खुद्द कृतीत आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना. या दोन आकड्यांमधल्या अंतरावर हा सगळा धंदा उभा होता. जमिनीत खड्डा करून, भाता लावून कोळसे फुलवायचे, भांडे सांडशीने धरून तापवायचे, नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठतो आणि धातूवरची काळी पुटे सुटतात. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते क्षणात सगळीकडे फिरवायचे आणि भांडे पाण्यात बुडवायचे. मळक्या तांब्यावर कथील धरतच नाही, आणि धरले की रंगासारखे नुसते वर बसत नाही, तांब्याशी एकजीव होते. खालचे अंग स्वच्छ उघडे केल्याशिवाय जे काम होतच नाही, त्याला झाकणे कसे म्हणावे?

कथलात स्वस्त शिसे मिसळणारेही होते, हा आक्षेप खरा आहे. शिसे पोटात जाणे वाईटच, आणि तो धूर आयुष्यभर छातीत घेणाऱ्या कारागिराची किंमतही कोणी मोजली नाही. ही त्या धंद्याची काळी बाजू आहे आणि कल्हईच्या प्रेमापोटी ती विसरता कामा नये. पण हा सगळा गरिबीचा नाइलाज होता, हे दुसरे म्हणणे मला पटत नाही. तांब्यापितळेची जड भांडी मुळात ऐपतीची खूण होती, आणि मोड म्हणूनही त्यांचे पैसे येत. जितकी भांडी जास्त, तितके कल्हईचे काम जास्त.

मग ‘जर्मन’ची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली आणि त्यांच्यामागून स्टील आले. स्टीलने कल्हईवाल्याचे काम संपवले असे म्हणतात, पण खरे तर ते काम हवेकडे गेले. स्टीलमधल्या क्रोमियमचा अदृश्य थर ओरखडला, तरी हवा लागताच पुन्हा धरतो. खरा खंड पडला तो नॉनस्टिकपाशी. तिथला थर हवा भरून काढत नाही आणि गल्लीतला कारागीरही नाही. एवढ्यातेवढ्या ओरखड्यांनी तवा निकामी होतो.

भांड्यांपलीकडे, फ्रिज आणि वॉशिंग मशीनची गोष्ट कल्हई आणि नॉनस्टिक यांच्या मधली आहे. त्यांचा रंग बाहेरून असतो, म्हणून तिथला ओरखडा आधी डोळ्याला खुपतो आणि दुरुस्तीही बहुधा रंग जुळवण्यापासून सुरू होते. ती नुसती शोभा म्हणून उडवून लावणे मात्र चूक ठरेल, कारण रंगाखाली बहुधा पोलादी पत्रा असतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत त्याला उघडे सोडणे परवडत नाही. पॉलिश पेपरने गंज घासून काढला, प्रायमर लावला आणि मग रंगाचा हात फिरवला, तर तो क्रम कल्हईवाल्याचाच आहे: आधी अंग स्वच्छ, मग थर. त्याऐवजी ओरखड्यावर नुसते स्टिकर चिकटवले, तर पुढच्या पावसाळ्यात गंज त्याच्या कडेने बाहेर येतो.