स्नायूंची ताठरता : औषधोपचाराचे लाभ आणि धोके

मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की स्नायूंवरचा वरचा ताबा सुटतो आणि स्नायू जरा ताणला गेला तरी तो प्रतिक्षिप्त क्रियेने आवळला जातो. या अवस्थेला वैद्यकात स्पॅस्टिसिटी म्हणतात. रुग्ण आणि घरची माणसे ‘हात आखडला’, ‘पाय कडक झाले’ असे सांगतात. लकवा, मज्जारज्जूची इजा, डोक्याला लागलेला जबर मार, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मुलांमधील सेरेब्रल पाल्सी ही तिची नेहमीची कारणे. पूर्व विदर्भात भाताच्या खाचरांत घेतली जाणारी लाखोळीची डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास होणारा लॅथिरिझम हा विकारही याच गटातला. त्यात पाय ताठ होतात आणि माणूस चवड्यांवर, पाय एकमेकांत अडकवत चालतो. मूळ इजा कोणतीही असली, तरी ती भरून काढणारे औषध ताठरतेवरच्या औषधांत नाही. ही औषधे ताठरता उतरवतात, गेलेली ताकद परत आणत नाहीत. उपचार सुरू होण्याआधी हे रुग्णाला आणि घरच्यांना स्वच्छ शब्दांत सांगितले गेले पाहिजे. पुढचा बराचसा अपेक्षाभंग त्याने टळतो.

ऑस्ट्रेलियन मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये केलेली व्याख्या आजही वापरली जाते. तिचा गाभा असा, की स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका त्याचा विरोध वाढतो. तपासणीत हे सहज दिसते. डॉक्टर रुग्णाचे कोपर सावकाश सरळ करतात तेव्हा हात बराचसा मोकळा जातो. तेच कोपर झटकन सरळ केले, की हात मध्येच अडतो, क्षणभर तसाच राहतो आणि मग एकदम सैल पडतो. ही ताठरता अ‍ॅशवर्थ मापनपट्टीवर मोजतात. ब्रायन अ‍ॅशवर्थ यांनी ती १९६४ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर एका औषधाची परीक्षा घेताना मांडली आणि १९८७ मध्ये बोहॅनन व स्मिथ यांनी तिच्यात सुधारणा केली. पट्टी सोपी आहे, म्हणूनच तिच्यावर फार विसंबणे बरे नाही. पलंगावर पडलेल्या रुग्णाचा आकडा एका पायरीने उतरला, म्हणजे तो घरातल्या उंबऱ्यावरून नीट चालू लागला असे होत नाही.

ताठरता नेहमी घालवायचीच असते, हा समज चुकीचा आहे. लकव्यानंतर पायात जोर नसतो. पण मांडीचे स्नायू कडक राहतात म्हणून गुडघा सरळ राहतो आणि रुग्ण उभा राहू शकतो. खाटेवरून व्हीलचेअरमध्ये बसताना मज्जारज्जूची इजा झालेले अनेक जण या कडकपणाचाच आधार घेतात. गोळीने तो उतरवला की गुडघा वाकतो आणि माणूस पडतो. उलट बाजूने, मूठ इतकी घट्ट मिटलेली असते की नखे तळव्यात रुततात, आत घाम साचून दुर्गंधी येते, त्वचा सोलवटते आणि अंघोळ घालणाऱ्याला एकेक बोट सोडवावे लागते. मांड्या एकमेकींना चिकटलेल्या असल्या तर लघवीची नळी बदलणे किंवा कपडे बदलणे ही रोजची झटापट होते. रात्री पाय आपोआप झटके देऊन आखडतात आणि झोप उडते. अशा रुग्णांना औषधाचा खरा उपयोग होतो. त्यामुळे नेमके काय साधायचे आहे, हे औषध लिहिण्याआधी ठरवावे लागते. तळवा धुता यावा, पाऊल स्प्लिंटमध्ये टेकावे, सलग झोप लागावी, अशी साधी आणि पडताळता येणारी उद्दिष्टे उत्तम. ठरलेल्या मुदतीत ती साधली नाहीत, तर औषध चालू ठेवण्याला आधार उरत नाही.

औषधाआधी आणखी एक पायरी असते आणि ती घाईत वगळली जाते. ताठरता एकाएकी वाढली, तर बहुधा शरीरात कुठेतरी खुपत असते : लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाठीवरची किंवा नितंबावरची जखम, मांसात वाढलेले नख, पिळवटलेली लघवीची नळी, घट्ट बूट. संवेदना गेलेल्या रुग्णाला यातले काहीच दुखत नाही, फक्त पाय कडक होतात. कारण दूर केले की गोळी न वाढवताही ताठरता उतरते. रोजचे ताण देण्याचे व्यायाम, स्प्लिंट, उभे राहण्याचा सराव हा सर्व उपचारांचा पाया आहे. स्नायू आणि सांधा कायमचा आखूड होऊन बसला असेल, तर त्यावर कोणत्याही औषधाचा परिणाम होत नाही. तिथे प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया लागते.

पोटात घ्यायच्या औषधांत बॅक्लोफेन सर्वांत जास्त वापरले जाते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा कंपनीत हाइनरिख केबेर्ले यांनी ते १९६२ मध्ये अपस्मारासाठी तयार केले. अपस्मारावर ते निरुपयोगी ठरले, ताठरतेवर मात्र चालले. मज्जारज्जूतील गाबा-बी ग्राहींवर काम करून ते प्रतिक्षिप्त क्रियेचा जोर कमी करते. मज्जारज्जूच्या इजेत आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये त्याचा गुण चांगला येतो, विशेषतः वेदना देणाऱ्या झटक्यांवर. प्रौढांत साधारणपणे ५ मिग्रॅ. दिवसातून तीनदा अशी सुरुवात करतात आणि दर तीन दिवसांनी थोडे वाढवत नेतात. दिवसाची वरची मर्यादा बहुधा ८० मिग्रॅ. धरली जाते. झोप, गरगरणे, थकवा आणि स्नायूंची अशक्तता हे याचे नेहमीचे दुष्परिणाम. मेंदूला इजा झालेल्यांना ते अधिक जाणवतात आणि लकव्याच्या रुग्णाला नेमके व्यायामाच्या वेळी पेंगुळलेले ठेवतात. अपस्मार असलेल्यांत फिट येण्याची शक्यता वाढू शकते.

बॅक्लोफेनचे दोन धोके प्रत्येक घराला माहीत हवेत. पहिला मूत्रपिंडाचा. हे औषध मुख्यतः लघवीवाटे, फारसे न बदलता बाहेर पडते. मूत्रपिंड दुबळे असेल तर ते साचते आणि नेहमीच्या मात्रेनेही माणूस गुंगीत जातो, बरळतो, बेशुद्ध होतो. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला पाठदुखीसाठी सहज लिहिलेली बॅक्लोफेनची गोळी म्हणूनच घातक ठरू शकते. दुसरा धोका अचानक बंद करण्याचा. अनेक महिने घेतलेली गोळी एकदम थांबली, तर ताठरता दुपटीने परतते, भास होतात, ताप चढतो, फिट येतात. क्वचित स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होतात आणि मृत्यूही येतो. हे बहुतेकदा हलगर्जीपणाने नव्हे, तर साध्या घडामोडींतून घडते : पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी ‘तोंडाने काही देऊ नका’ असा आदेश निघतो, उलट्या सुरू होतात, गावच्या दुकानात औषध मिळत नाही. शिरेतून देण्याचे बॅक्लोफेन सहसा मिळत नाही. त्यामुळे अशा वेळी पोटात घातलेल्या नळीवाटे गोळी देणे किंवा डायझेपामच्या गटातील औषधाने वेळ निभावणे, हे डॉक्टरांना आधीच ठरवावे लागते.

टिझानिडिन अल्फा-२ ग्राहींवर काम करते. बॅक्लोफेनच्या मानाने ते स्नायूंची ताकद कमी घटवते. मात्र झोप आणि तोंडाला कोरड आणते व रक्तदाब उतरवते. सकाळी खाटेवरून झटकन उठताना चक्कर येऊन पडणारे वृद्ध रुग्ण यातलेच. काहींत यकृताची विकरे वाढतात, म्हणून पहिल्या काही महिन्यांत रक्त तपासावे लागते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाबरोबर टिझानिडिन देऊ नये. हे प्रतिजैविक टिझानिडिनचे यकृतातील विघटन रोखते, रक्तातील त्याची पातळी अनेक पटींनी वाढते आणि रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो. नैराश्यावरचे फ्लुव्हॉक्सामिनही तसेच. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सॅसिन लघवीच्या संसर्गासाठी सर्रास, अनेकदा चिठ्ठीशिवायही घेतले जाते. मज्जारज्जूची इजा झालेल्या रुग्णाला हाच संसर्ग पुन्हापुन्हा होतो आणि ताठरतेची गोळीही तोच घेत असतो. ही जोडी घरात पोचण्याची शक्यता त्यामुळे खरोखरच मोठी आहे. मोठ्या मात्रेतले टिझानिडिन एकदम बंद केले, तर रक्तदाब उसळतो.

डायझेपाम हे या कामाचे जुने औषध. ते स्वस्त आहे आणि रात्रीच्या झटक्यांवर चालते. पण त्याची सवय लागते, स्मरण मंदावते, वृद्ध पडतात. डॅन्ट्रोलीन एकटेच थेट स्नायूच्या आत काम करते व कॅल्शियमची सुटका रोखते. त्याने यकृताला होणारी इजा क्वचित, पण प्राणघातक असू शकते, म्हणून ते निवडक रुग्णांतच देतात. टॉल्पेरिसोनची लॅथिरिझमच्या रुग्णांवर इथिओपियात चाचणी झाली आहे. औषधाच्या दुकानात ‘मसल रिलॅक्संट’ म्हणून मिळणाऱ्या सगळ्या गोळ्या मात्र एका माळेत ओवू नयेत. कंबर धरल्यावर दिले जाणारे थायोकोल्चिकोसाइड हे मेंदू-मज्जारज्जूच्या ताठरतेवरचे औषध नव्हे.

एकदोन स्नायूगटांपुरती ताठरता असेल, तर सगळ्या शरीराला गुंगी देण्यापेक्षा त्या जागी इंजेक्शन देणे शहाणपणाचे. बोट्युलिनम विष क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू तयार करतो. जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिघडलेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचे वर्णन केले, ते याच विषाचे. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरून दाखवले. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला त्यासाठी मान्यता मिळाली, तर प्रौढांच्या हाताच्या ताठरतेसाठी २०१० मध्ये. हे विष मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन सुटू देत नाही. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, महिना-दीड महिन्यात पूर्ण जाणवतो आणि सुमारे तीन महिन्यांनी ओसरतो. हा काळ व्यायाम आणि स्प्लिंटसाठी वापरला नाही, तर हजारांत जाणारा खर्च जवळजवळ वाया गेला असे समजावे.

त्याच्या लाभाची मर्यादा संशोधनातून चांगली स्पष्ट झाली आहे. इंग्लंडमध्ये लकव्याच्या ३३३ रुग्णांवर झालेल्या ‘बोट्युल्स’ चाचणीत इंजेक्शनानंतर महिन्याभराने हाताने वस्तू उचलण्या-धरण्याच्या क्षमतेत अपेक्षित फरक दिसला नाही. ताठरता उतरली आणि बाहीत हात घालणे, तळवा साफ ठेवणे अशी कामे मात्र सोपी झाली. हे यश लहान समजू नये. रोज दोनदा मूठ सोडवणाऱ्या बायकोला किंवा सुनेला त्याचे मोल विचारावे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांतही, अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१० मधील आढाव्यानुसार, या इंजेक्शनांचा पुरावा सर्वांत भक्कम होता. तोंडावाटे बॅक्लोफेनचा पुरावा अपुरा ठरला. विष इंजेक्शनाच्या जागेपासून दूर पसरून गिळण्यास व श्वासास त्रास होऊ शकतो. असा इशारा अमेरिकेत २००९ पासून वेष्टनावर ठळक चौकटीत छापला जातो आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत तो विशेष लक्षात ठेवावा लागतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या औषधांची एकके सारखी नसतात. एका ब्रँडची मात्रा दुसऱ्याला लावणे धोक्याचे. मायस्थेनिया या स्नायू दुबळे करणाऱ्या विकाराच्या रुग्णांत आणि जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही प्रतिजैविके चालू असताना हे इंजेक्शन टाळणे बरे.

फेनॉलचे इंजेक्शन मज्जातंतूला जाळून ताठरता उतरवते. ते फार स्वस्त आहे आणि परिणाम बोट्युलिनमपेक्षा जास्त टिकू शकतो. संवेदना वाहणाऱ्या तंतूला लागले तर जळजळणारी वेदना मागे राहते, म्हणून हात सरावलेला लागतो. सरकारी रुग्णालयांतून हे कौशल्य टिकवणे, गरीब रुग्णांच्या दृष्टीने, बोट्युलिनमच्या महागड्या कुपीइतकेच गरजेचे आहे.

दोन्ही पाय व धड फार कडक असेल आणि गोळ्यांनी भागत नसेल, तर बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. शिकागोतील रिचर्ड पेन आणि जेफ्री क्रोइन यांनी १९८४ मध्ये ही पद्धत मांडली. पोटाच्या त्वचेखाली पंप बसवतात आणि त्यातून बारीक नळी पाठीच्या कण्यात जाते. आधी साधारण ५० मायक्रोग्रॅमची चाचणी मात्रा देऊन गुण पाहतात. गोळीतून मिलिग्रॅममध्ये लागणारे औषध इथे मायक्रोग्रॅममध्ये पुरते, त्यामुळे गुंगी कमी. पण नळी तुटली, सरकली किंवा पंप भरायची तारीख चुकली, तर औषध अचानक बंद पडल्याची गंभीर अवस्था ओढवते. अंगाला खाज सुटणे, ताप आणि ताठरता परतणे ही तिची पहिली लक्षणे. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो. पंपाचा खर्च लाखांत जातो आणि बॅटरी संपली की पंप बदलावा लागतो. जिथे काही महिन्यांनी पंप भरून देणारे केंद्र गाठता येत नाही, तिथल्या रुग्णाला तो सुचवणे योग्य नाही.

ताठरतेचे कोणतेही औषध घेणाऱ्याने औषधांची नावे व मात्रा लिहिलेला कागद खिशात ठेवावा आणि दाताच्या डॉक्टरांपासून शस्त्रक्रियेच्या भूलतज्ज्ञांपर्यंत प्रत्येकाला तो दाखवावा. नवे प्रतिजैविक सुरू होत असेल, तर टिझानिडिन चालू असल्याचे आधी सांगावे. प्रवासाला निघताना गोळ्या चार दिवस जास्त घ्याव्यात. औषध परवडत नसेल, झोप अनावर होत असेल किंवा उपयोग वाटत नसेल, तर डॉक्टरांना सांगून ते काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवता येते. स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करू नये.