भोजनमंडप देणारा यवन

बर्लिनच्या एका बड्या हॉटेलात उतरलेली माणसे आणि तिथला नोकरवर्ग यांच्यावर व्हिकी बाउम यांनी १९२९ मध्ये कादंबरी लिहिली. १९३२ मध्ये तिच्यावरून ‘ग्रँड हॉटेल’ हा चित्रपट निघाला, त्याला ऑस्कर मिळाले. नर्तकी, उमराव, हिशेबनीस, टंकलेखिका, दारावरचा पोर्टर, सगळे एका छताखाली. या प्रकारच्या कथांचे कूळ इथून सांगतात. पण नाना थरांतल्या माणसांनी मिळून उभ्या केलेल्या मुक्कामाची पात्रयादी जुन्नरच्या कातळावर त्याआधी सुमारे अठराशे वर्षे कोरली गेली होती.

जुन्नरजवळच्या शिवनेरीच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतला एक छोटा प्राकृत लेख आहे. ‘गता’ म्हणवणाऱ्यांपैकी चिट नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या माणसाने, बौद्ध भिक्षूंच्या संघाला भोजनमंडप दिला, एवढेच तो सांगतो. ‘भोजनमटप’ हा त्यातला शब्द. दूर देशाशी नाते सांगणारा माणूस इथे येतो आणि देतो काय, तर जेवायची जागा! त्याच गतांपैकी इरिल या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली.

टाक्याला त्या काळचा शब्द ‘पोढी’. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. जुन्नरच्याच मानमोडी डोंगरावर क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याने, लेखातल्या कालगणनेच्या ४६व्या वर्षी, पोढी आणि मंडप दिला. जवळच्या लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे. बुरूडकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून असे. मुद्दल तिथेच राही आणि व्याज संघाच्या कामी येई. राजाचा अमात्य आणि बुरूड एकाच कातळावर येतात, ही या लेखांची खरी श्रीमंती आहे.

एवढे दान इथेच का आले? कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येई. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, त्या राजघराण्याच्या पुतळ्यांची रांगही होती. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. तिथलेही एक टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाचे.

भिक्षू एरवी फिरते, पावसाळ्यात मात्र एका जागी. त्यांच्यासाठी कोरलेल्या लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात मोठ्या दालनाभोवती २० खोल्या आहेत, मध्ये एकही खांब नाही. आज तिथे गिरिजात्मज गणपती विराजमान आहे, आणि पायऱ्या चढून दमलेले भाविक त्याच दालनात टेकतात.