थिंबलची कुळकथा

गळीत हंगामात मुरगूडवरून बिद्री आणि हमीदवाड्याच्या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चाललेल्या असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. शेवटच्या ट्रॉलीचा लाल दिवा पेटणार की नाही, ते कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या एका नखाएवढ्या तुकड्यावर ठरतं. त्याला कुणी लग म्हणतं, कुणी थिंबल.

थिंबलच्या आधी होता पीळ. वायरी सोलायच्या, एकमेकींत पिळायच्या, वर काळी टेप. ही रीत तारायंत्राच्या जमान्यातली. पण खांबावरची तार एकेरी, कडक आणि ताणलेली असे. वेढे घट्ट बसत. गाडीतली वायर म्हणजे बारीक तारांचं जुडगं. हादऱ्यांनी त्यातला पीळ सैल होतो.

मग डाग देणं आलं. वितळलेलं कथील-शिसं जोडात मुरतं, वीजही छान वाहते. पण ते इन्सुलेशनखाली पुढे चढतं आणि तेवढी वायर ताठ होते. ताठ भाग जिथे संपतो, नेमकी तिथेच हादऱ्यांनी तार तुटते. अमेरिकेतल्या बोटींच्या वायरिंगचं मानक म्हणूनच नुसत्या डागाच्या आधारावर जोड ठेवू देत नाही.

1941 मध्ये अंकस व्हिटेकर यांनी अमेरिकेत 'एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. गिऱ्हाईक कोण, ते नावातच आहे: विमानं आणि जहाजं. युद्धाच्या घाईत एकेका जोडाला डाग देत कोण बसणार? तारा तांब्याच्या नळीत घालायच्या आणि पंचाने, म्हणजे दाबायच्या खास हत्याराने, दाबायच्या, झालं. दाब नेमका बसला की नळी आणि तारा एकमेकींत इतक्या रुततात की मध्ये हवा शिरत नाही, त्यामुळे गंजही धरत नाही. पुढे हेच थिंबल मोटारीत आलं, ट्रॅक्टरवर आलं.

बारा व्होल्टच्या गाडीत त्याची गरज घरापेक्षा जास्त. घरात 60 वॅटचा दिवा जेमतेम पाव अँपिअर ओढतो, गाडीत तेवढ्याच वॅटला 5 अँपिअर लागतात. फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये तर 20 अँपिअर सहज वाहतात. सैल जोडाचा रोध दशांश ओहम जरी असला, तरी 2 व्होल्ट तिथेच गळतात आणि 40 वॅटची उष्णता त्या नखभर जागेत साठते. आधी टेप वितळते, मग वायर जळते.

आपल्याकडे थिंबल आलं, पंच मात्र मागेच राहिला. साध्या पकडीने चेपलेलं थिंबल बाहेरून चपटं दिसतं, आत पोकळच. इन्सुलेशनवाल्या थिंबलचे रंगही शोभेचे नाहीत: लाल दीड चौरस मिलिमीटरपर्यंतच्या वायरीला, निळं अडीचपर्यंत, पिवळं चार ते सहाला. बारीक वायर दुमडून पिवळ्यात कोंबणं हा निव्वळ कामचलाऊपणा.

तेव्हा हंगामाआधी कारखान्याच्या बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची पत्रिका आली की बॅटरीची मायनस काढा आणि ट्रॉलीचं एकेक थिंबल धरून वायर ओढून बघा. हातात आली तर उत्तम. नवीन थिंबल घाला, आणि या वेळी पंचानेच दाबा.