ब्लूबेरी: मापातून घडलेलं फळ

आंबा किंवा द्राक्ष माणसाने कधी लावायला घेतलं, ते नेमकं सांगता येत नाही. इतकी ती गोष्ट जुनी. ब्लूबेरीचं तसं नाही. तिची शेती कुठे, कोणी आणि का सुरू केली, हे सालासकट सांगता येतं. म्हणून आज आपण ती उदाहरणाला घेऊ.

उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी ही फळं शतकानुशतकं रानातून वेचत आणि हिवाळ्यासाठी वाळवून ठेवत. पण झुडूप आणून बागेत लावलं, की ते खुरटायचं. अमेरिकी कृषिखात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी याचं कारण शोधलं आणि 1910 साली प्रसिद्ध केलं. आपण जिला चांगली माती म्हणतो, चुना-शेणखत घातलेली, तीच हिला मानवत नाही. हिला हवी आम्लधर्मी, ओलसर, पण पाणी न तुंबणारी जमीन. म्हणजे बघा, 'चांगलं' हा शब्द कोणासाठी, हे विचारल्याशिवाय अर्थ लागत नाही.

हा अहवाल न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉग इथल्या क्रॅनबेरी उत्पादकाची मुलगी एलिझाबेथ व्हाइट यांच्या वाचनात आला. त्यांनी कोव्हिल यांना आपली जमीन देऊ केली. रानातली चांगली झुडपं कुठे आहेत, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं आसपासच्या पाइनच्या जंगलात राहणाऱ्या गरीब लोकांना. व्हाइटबाईंनी त्यांच्या हातात सुमारे 16 मिलिमीटर भोकाचं एक माप दिलं: एवढं मोठं फळ देणारं झुडूप दाखवा, पैसे मिळतील. झुडपाला नाव शोधणाऱ्याचं. रूब लीक यांनी दाखवलेल्या झुडपाचं नाव झालं 'रुबेल'. ते वाण आजही लावलं जातं. अशा निवडीतून आणि संकरातून 1916 साली पहिलं पीक बाजारात गेलं. आज उंच झुडपाची जात, मेन राज्यातली बुटकी रानटी जात आणि दक्षिणेतली 'रॅबिटआय' असे मुख्य प्रकार आहेत.

आता आरोग्याकडे येऊ. ब्लूबेरीच्या गडद रंगामागे अँथोसायनिन असतं. आपल्या जांभळाचा रंगही त्याच कुळातल्या द्रव्यांचा. ब्लूबेरीत हे द्रव्य मुख्यतः सालीत असतं. फळ मोठं झालं, की वजनाच्या मानाने साल कमी. म्हणजे ज्या मापाने हे फळ बाजारात आणलं, त्याच मापाने आज ज्याचं कौतुक चालतं त्या द्रव्याचं प्रमाण घटवलं. माप चुकीचं नव्हतं हो; ते विक्रीसाठी होतं.

पुढे दुसरं माप आलं. परीक्षानळीत कोणता पदार्थ किती अँटिऑक्सिडंट, याचे आकडे. 'सुपरफूड' हा शब्द त्यांच्याच जोरावर फोफावला. 2012 साली अमेरिकी कृषिखात्याने ते कोष्टक मागे घेतलं, कारण नळीतल्या आकड्यावरून शरीरात काय घडेल हे सांगता येत नाही. रक्तवाहिन्यांवर चांगला परिणाम दाखवणाऱ्या काही चाचण्या आहेत. तंतुमय घटक आहेत, क जीवनसत्त्व आहे. फळ चांगलंच आहे. पण ते औषध नव्हे.

तेव्हा कोणी आकडा पुढे केला, की आपण एवढंच विचारावं: हे माप कोणी, कशासाठी केलं?