अंतूबुवा जोशी

अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतूबुवा (जन्म : किन्हई, ८ मार्च १८८१, मृत्यू : १२ सप्टेंबर १९६७) हे ग्वाल्हेर घराण्याचे ख्यालगायक आणि संगीतशिक्षक होते. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानाशी त्यांचे आयुष्य निगडित होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे ते शिष्य. ख्यातनाम गायक आणि व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशी हे त्यांचे पुत्र व शिष्य होत. १९५५ साली अंतूबुवांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आज त्यांचे नाव बहुधा 'गजाननबुवांचे वडील' म्हणूनच घेतले जाते. पुत्राची कीर्ती पाहता हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या पायावर ती कीर्ती उभी राहिली, तो पाया अंतूबुवांनी घरातल्या तालमीत घातला होता, ही गोष्ट त्यामुळे काहीशी झाकली जाते.

== घराणे व शिक्षण ==

किन्हई हे आज कोरेगाव तालुक्यात असलेले गाव त्या काळी औंध संस्थानात मोडत असे. औंधच्या पंतप्रतिनिधींचे मूळ गाव तेच. तेथील टेकडीवर यमाईचे मंदिर आहे आणि औंधच्या डोंगरावरही यमाईच आहे. अंतूबुवांचे वडील मनोहरबुवा हे स्वतः गायक होते. रावजीबुवा गोगटे यांच्याकडे त्यांनी ख्यालाचे शिक्षण घेतले होते. त्यामुळे गाणे अंतूबुवांच्या कानावर लहानपणापासूनच पडले. पुढील शिक्षणासाठी ते बाळकृष्णबुवांकडे गेले.

बाळकृष्णबुवा (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवली. हद्दूखाँ–हस्सूखाँ यांच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून त्यांनी ती मिळवली होती आणि त्यासाठी पायपीट, उपासमार व अवहेलना सोसली होती. दम्याच्या विकारामुळे मुंबई सोडून ते मिरजेला आले आणि पुढे इचलकरंजी संस्थानात राहिले. विष्णु दिगंबर पलुस्कर, गुंडूबुवा इंगळे, नीळकंठबुवा मिरजकर, मिराशीबुवा, वामनबुवा चाफेकर अशी त्यांची शिष्यपरंपरा मोठी आहे. अंतूबुवा त्याच मालिकेतले. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीतशिक्षणाला संस्थेचे रूप दिले. अंतूबुवांनीही काही काळ त्याच दिशेने प्रयत्न केला. पण त्यांचा मूळ पिंड गुरुगृहातल्या शिक्षकाचा होता, असे त्यांच्या एकंदर कार्यावरून म्हणावे लागते.

== शिकवण्याची रीत ==

अंतूबुवांनी कोणती विद्या दिली हे समजण्यासाठी ग्वाल्हेर गायकीची ओळख असणे आवश्यक आहे. या गायकीत बंदिशीला मध्यवर्ती स्थान आहे. ख्याल सुरू करताना स्थायी आणि अंतरा दोन्ही पूर्ण व स्पष्ट मांडायचे, मग बेहलाव्याने राग खुलवायचा, बोल-आलाप, बोलतान आणि शेवटी सरळ, दमदार सपाट तान, असा तिचा साधारण क्रम असतो. विलंबित ख्याल तिलवाडा, झुमरा अशा तालांत, पण फार संथ न करता गायिला जातो. यमन, भूप, हमीर, केदार, कामोद, गौडसारंग, अल्हैया बिलावल असे परिचित राग या घराण्यात विशेष आवडीने गायिले जातात. त्यांच्या जोडीला टप्पा, तराणा, चतुरंग हे प्रकार येतात.

ही विद्या वहीत उतरवून घेता येत नाही. गुरू एक ओळ म्हणणार, शिष्य तीच पुन्हा म्हणणार. चूक झाली की पुन्हा तीच ओळ. एकेका रागातल्या अनेक बंदिशी कंठस्थ झाल्या, की रागाचे चलन त्यांच्यातूनच उमगते. आरोह-अवरोह वेगळे पाठ करण्याची गरज फारशी उरत नाही. शिष्य गुरूच्या घरीच राहून पडेल ते काम करी आणि गुरूला सवड मिळेल तेव्हा तालीम होई. जुन्या पिढीतील शिक्षकांना या पद्धतीतला कष्ट ठाऊक होता, तसेच तिचे फळही ठाऊक होते.

== मुंबई आणि औंध ==

अंतूबुवांनी मुंबईत गुरुसमर्थ गायन-वादन विद्यालय काढले. शाळेला एखाद्या राजाचे किंवा दात्याचे नाव न देता 'गुरुसमर्थ' हे नाव द्यावे, यातच त्यांची वृत्ती दिसते. शिवानंद स्वामी हे त्यांचे आध्यात्मिक गुरू होते. गाण्याचे गुरू आणि परमार्थाचे गुरू वेगळे असले, तरी अंतूबुवांच्या आयुष्यात या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या नाहीत.

औंध संस्थानात ते दरबारी गायक होते. १९०९ पासून संस्थानाचे अधिपती असलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे सूर्यनमस्कारांचे प्रचारक, चित्रकार आणि स्वतः कीर्तन करणारे राजे होते. औंधचे श्रीभवानी चित्रसंग्रहालय त्यांच्याच रसिकतेचे फळ. संस्थान लहान होते, उत्पन्नही बेताचे; पण राजाच कीर्तनाला उभा राहतो अशा गावात भजन, कीर्तन आणि ख्याल यांच्यात उच्चनीचतेची भिंत फारशी नसावी, असे मानायला जागा आहे. अंतूबुवांच्या स्वभावाला हे वातावरण मानवले असणार.

== गजाननबुवा ==

गजाननबुवांचा जन्म ३० जानेवारी १९११ रोजी झाला. गाण्याचे पहिले शिक्षण त्यांना वडिलांकडूनच मिळाले. पुढे ते रामकृष्णबुवा वझे, जयपूर घराण्याचे भूर्जीखाँ आणि आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ यांच्याकडेही शिकले. या तिघांचेही निधन अंतूबुवांच्या आधी झाले. म्हणजेच मुलाचे हे सारे शिक्षण वडिलांच्या हयातीतच झाले. आपली चीज दुसऱ्या घराण्याच्या माणसाच्या कानी पडू नये म्हणून जपणारे गवई त्या काळी कमी नव्हते. स्वतः घराणेदार शिक्षक असलेल्या माणसाचा मुलगा तीन वेगळ्या गुरूंच्या पायाशी बसतो, ही गोष्ट त्या पार्श्वभूमीवर लक्षणीय आहे. हा अंतूबुवांच्या चरित्रातला सर्वांत मोठा गुण होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मात्र त्याची चर्चा फारच थोडी होते.

गजाननबुवांनी व्हायोलिनवर ख्यालगायकी उतरवली आणि उत्तर हिंदुस्थानी संगीतात त्या वाद्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या पहिल्या वादकांत त्यांची गणना होते. तबल्याचेही त्यांनी शिक्षण घेतले होते. ते आकाशवाणीत होते. १९७२ साली त्यांनाही संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे निधन १९८७ मध्ये झाले. उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, वीणा सहस्रबुद्धे, पद्मा तळवलकर, शुभदा पराडकर, जयश्री पाटणेकर हे त्यांचे शिष्य. उल्हास कशाळकर पुढे कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू झाले. घरातही परंपरा चालू राहिली : गजाननबुवांची मुले संगीतात होती आणि त्यांच्या नाती अपूर्वा गोखले व पल्लवी जोशी गायिका म्हणून परिचित आहेत.

== औंध संगीत महोत्सव ==

१९४० साली गजाननबुवांनी औंध येथे संगीत महोत्सव सुरू केला. तो वडिलांच्या नावे नसून वडिलांच्या गुरूंच्या, म्हणजे शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ होता. अंतूबुवा तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. मुलाने बापाच्या श्रद्धेलाच वंदन केले, असे याचे वर्णन करता येईल. अंतूबुवांच्या हयातीत हा उत्सव पंचवीसहून अधिक वर्षे चालला.

१९४८ मध्ये दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि औंधचा दरबारही संपला. अनेक संस्थानी गावांत दरबाराबरोबर गाणेही उठून गेले. औंधला ते टिकले, कारण उत्सव राजाच्या तिजोरीवर नव्हे, तर एका कुटुंबाच्या आणि त्याच्या शिष्यांच्या निष्ठेवर उभा होता. आजही कोजागरीनंतर, आश्विन वद्य पक्षात, देशभरातले कलाकार या गावी सेवा म्हणून गातात-वाजवतात आणि आजूबाजूच्या खेड्यांतील श्रोते पहाटेपर्यंत बसून असतात. संयोजनाचा भार गजाननबुवांच्या शिष्यपरंपरेने उचलला आहे.