सर, शिबिराला पाठवू का?

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की कोल्हापुरात शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पन्हाळ्यावर साहस शिबिर, दाजीपूरला निसर्ग शिबिर, शहरातच पोहण्याचे, नाट्याचे, संस्कारांचे शिबिर. त्याच सुमारास शाळेच्या फाटकाशी एखादे पालक आपल्याला गाठतात आणि विचारतात, "सर, पाठवू का?" आपणही "पाठवा की, जरा धीट होईल" असे म्हणून मोकळे होतो. पालक जाहिरातीवर विश्वास ठेवतात त्यापेक्षा आपल्या या एका वाक्यावर अधिक ठेवतात. म्हणून ते वाक्य उच्चारण्यापूर्वी शिबिर ही गोष्ट आली कुठून, आणि शिबिराविषयी कोणते प्रश्न विचारायला जग कसे शिकले, हे पाहून ठेवणे बरे.

पहिल्या शिबिरांचा मनोरंजनाशी फारसा संबंध नव्हता. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात फ्रेडरिक गन नावाच्या शिक्षकाने १८६१ साली आपल्या शाळेतील मुले चालत समुद्रकाठी नेली आणि तेथे तंबू ठोकले. त्याआधी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले होते आणि मुलांना सैनिकांसारखे रानात राहायचे होते, असे सांगतात. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या हरमान वाल्टर बिओन या धर्मोपदेशकाचा हेतू वेगळा होता. त्याने १८७६ साली शहरातील गरीब, अशक्त मुले निवडली आणि शिक्षकांच्या सोबतीने आपेनत्सेलच्या डोंगराळ भागात सुटीसाठी पाठवली. भरपूर दूध, मोकळी हवा आणि चालणे एवढाच कार्यक्रम. ही कल्पना युरोपभर पसरली तेव्हा सुटीतल्या अशा वसाहतींनी एक पद्धत पाडली. जाताना मुलाचे वजन करायचे आणि परतल्यावर पुन्हा करायचे. मुलाला काय मिळाले, याचे उत्तर तराजूवर दिसे. आजच्या रंगीत प्रमाणपत्रांपेक्षा ते मला अधिक प्रामाणिक वाटते.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउन्सी बेटावर भरवलेले शिबिर बहुतेक शिक्षकांना माहीत असते. सुमारे वीस मुले होती, काही श्रीमंतांच्या शाळांतली तर काही कामगारांच्या घरांतली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांनी मुलांचे चार गट पाडले हे. प्रत्येक गटात पाच-सहा मुले आणि त्यांतलाच एक नायक. गट एवढा लहान असला की कोण दिसत नाही हे मोजावे लागत नाही, ते लगेच जाणवते. पन्नास मुलांच्या रांगेत तेच मूल अर्धा तास हरवलेले असू शकते.

पाच वर्षांनी याच चळवळीला मोठा घाव बसला. ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातील स्काउट होडीने शिबिराच्या जागी निघाले होते. लेजडाउनच्या किनाऱ्याजवळ अचानक वाऱ्याचा झोत आला, होडी उलटली आणि नऊ मुले बुडाली. लंडनमध्ये त्यांच्या अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली.

वैद्यकीय प्रमाणपत्राच्या मागेही अशीच एक कहाणी आहे. १९१६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. एका शहरात सुमारे नऊ हजार रुग्ण, त्यात बहुतेक लहान मुले. सोळा वर्षांखालील मुलाला शहराबाहेर पडायचे असेल तर आरोग्य खात्याचा दाखला हवा, असा नियम झाला. साथीच्या भीतीने पुढे कितीतरी वर्षे तिथल्या शिबिरांवर दर उन्हाळ्यात सावट असे. आपण शिबिराच्या अर्जाला जोडतो तो डॉक्टरांचा कागद ओळखीच्या दवाखान्यातून दहा मिनिटांत मिळतो. खरे तर मुलाला दमा आहे का, कोणत्या औषधाची किंवा कशाची ॲलर्जी आहे, फिट येते का, हे शिबिरातल्या माणसाला ठाऊक असावे म्हणून तो असतो. पालक मात्र पुष्कळदा हीच माहिती दडवतात, "सांगितले तर घेणार नाहीत" म्हणून. त्यांना आपणच समजावायला हवे.

पाण्याचा विषय निघाला की १९९३ सालची घटना सांगावी लागते, कारण शिबिरांच्या इतिहासातला तो मोठा टप्पा आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे नावाचा उपसागर आहे. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथच्या एका शाळेची आठ मुले आणि त्यांचे शिक्षक एका साहस केंद्राच्या दोन प्रशिक्षकांसह कयाक, म्हणजे चिंचोळ्या वल्हवायच्या नावा, घेऊन समुद्रात उतरले. प्रशिक्षकांची पात्रता अगदी प्राथमिक होती. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत होता. नावा एकामागून एक उलटल्या आणि मुले थंडगार पाण्यात तरंगत दूर जाऊ लागली. संकटाची खूण करायला त्यांच्याजवळ शोभेच्या दारूसारखे पेटणारे इशाऱ्याचे बाणही नव्हते. दुपारी बारापर्यंत परतायचे होते. तटरक्षक दलाला मदतीची खबर मिळाली तेव्हा साडेतीन वाजायला आले होते. चार मुले गेली.

पुढच्या चौकशीत जे बाहेर आले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. आदल्या वर्षी त्याच केंद्रात काम करणाऱ्या दोन प्रशिक्षकांनी नोकरी सोडताना व्यवस्थापनाला पत्र लिहून बजावले होते की येथली सुरक्षाव्यवस्था अशीच राहिली तर एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल. ते पत्र कुणी मनावर घेतले नाही. १९९४ साली न्यायालयाने संचालकाला तुरुंगात पाठवले. १९९५ साली ब्रिटनच्या संसदेने मुलांच्या साहस केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. समुद्र धोकादायक असतो हे सर्वांना आधीच ठाऊक होते. नवे शिकायला मिळाले ते हे, की ठरलेल्या वेळी मुले परतली नाहीत तर कुणी, किती मिनिटांनी, कुणाला कळवायचे हे आधी ठरलेले नसेल तर मधले तास मुलांच्या आयुष्यातून वजा होतात.

आपल्याकडे समुद्र नाही, आपल्याला काय त्याचे, असे कोल्हापूरकराने म्हणू नये. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यातले खोल पाणी फसवे असते आणि त्याचे कारण आपल्याच अभिमानाच्या गोष्टीत आहे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' देशभर ओळखला जातो. नदीपात्रात दगडी खांब, आणि खांबांच्या खाचांत बसवायचे बरगे. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवायचे आणि पुढच्या पावसाआधी काढून घ्यायचे. याचा अर्थ असा, की मे महिन्यात जिथे नदी गुडघाभर वाटते तिच्याच वरच्या अंगाला बंधाऱ्याच्या फुगवट्यात दोन पुरुष पाणी असू शकते. तळाशी गाळ, काठ निसरडा. एखादा बरगा निघालेला किंवा कुजलेला असेल तर त्या फटीकडे पाणी जोराने ओढ घेते आणि पोहणारा तिथे आवळला जातो. शिवाय वरच्या धरणातून आवर्तन सुटले की पात्रातली पातळी तासाभरात बदलते, माथ्यावर ढगाचा ठिपकाही नसताना. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या उघड्या पात्रात उभे असलेले हैदराबादचे चोवीस अभियांत्रिकी विद्यार्थी असेच वाहून गेले. वर लारजी धरणाचे पाणी सोडले होते. ती शैक्षणिक सहल होती.

आपल्या भागातल्या जुन्या पिढीने पाठीला सुका भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहणे शिकले. त्यात एक गोष्ट नकळत पाळली जाई. शिकवणारा काका किंवा मामा एकटा, शिकणारे पोर एक आणि त्याच्यावरून नजर हलायची नाही. शिबिरात काका एक आणि पोरे तीस असतात. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे हात हलवून ओरडत नाही, हे पालकांना सांगितलेच पाहिजे. ओरडायला श्वास लागतो आणि त्याचे तोंड पाण्यावर येते ते जेमतेम श्वास घेण्यापुरते. हात खाली दाबण्यात गुंततात. लांबून पाहणाऱ्याला ते खेळत असल्यासारखेच दिसते आणि मिनिटभरात सारे संपू शकते. म्हणून "तिथे पोहणारे लोक आहेत" हे उत्तर पुरे नाही. काठावर उभे राहून फक्त पाहण्याचे काम कुणाकडे आहे, हे विचारायचे.

पन्हाळ्याचा धोका निराळा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो आणि वळवाबरोबर विजा. गडाचा माथा आणि जवळचे मसाई पठार उघडे आहे. पठारावर उभे मूल हेच तिथले उंच टोक ठरते. तंबूचे कापड विजेला अडवत नाही आणि एकट्या झाडाचा आसरा तर उघड्यावर राहण्याहून वाईट. पक्की इमारत किंवा बंद मोटार हाच आसरा. विज्ञानाच्या तासाला शिकवलेले इथे उपयोगी पडते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचे, म्हणजे किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर मुले आत हवीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच. शिबिरप्रमुखाला हे माहीत आहे का, एवढे विचारले तरी त्याच्या तयारीचा अंदाज येतो.

पिण्याच्या पाण्याविषयी इचलकरंजीकरांना वेगळे सांगायला नको. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे काविळीची मोठी साथ आली आणि ती दूषित पाण्यातून पसरली. काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. शिबिर विसरून शाळा सुरू झालेली असते आणि मग मुलाचे डोळे पिवळे होतात. दोष शिबिरातल्या पाण्याकडे जाईलच असे नाही. त्यामुळे टाकी कोणती, पाणी उकळतात की नाही, हे आधीच पाहावे लागते.

आता एक विषय, जो आपल्या पालकसभांत कुणी उच्चारत नाही. अमेरिकेतील बॉय स्काउट संघटना १९२० च्या दशकापासून 'अपात्र' स्वयंसेवकांच्या गुप्त फायली ठेवत होती. त्यातल्या पुष्कळशा मुलांच्या लैंगिक छळाबद्दल होत्या. न्यायालयाच्या आदेशाने २०१२ साली त्यांतील हजाराहून अधिक फायली लोकांसमोर आल्या. २०२० साली संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ८२ हजारांहून अधिक लोकांनी भरपाईचे दावे लावले. संघटनेकडे माहिती होती, पण ती पालकांपर्यंत गेली नाही. त्या संघटनेने पुढे नियम केला की कोणताही मोठा माणूस मुलाबरोबर एकटा राहणार नाही, किमान दोघे असतील. आपल्याकडे २०१२ साली पॉक्सो कायदा आला. गुन्हा ठाऊक असून न कळवणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. मुक्कामाच्या शिबिरात रात्री मुलांच्या खोलीजवळ कोण असते, मुलींबरोबर महिला आहेत का, मुलाला घरी फोन करू देतात का, हे प्रश्न संशयाचे नाहीत. चांगला संयोजक त्यांनी रागावत नाही.

जबाबदार माणूस कोण, हे नाव घेऊन सांगता येणे ही कोल्हापूरची जुनी रीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि पुढे अस्पृश्य मुलांसाठी १९०८ चे मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातला बाप पोराला पहिल्यांदाच परक्या छपराखाली सोडून जात होता. तो विश्वास इमारतीमुळे आलेला नव्हता. प्रत्येक वसतिगृहामागे समाजातली ओळखीची, जाब विचारता येणारी माणसे होती. मुस्लिम मुलांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद १९०६ साली महाराजांनी स्वतःकडे घेतले होते.

आजच्या शिबिरांना अशी ओळख नसते, म्हणून कागद लागतो. महाराष्ट्रात तो बराच उशिरा आला. २००६ साली हिमाचलमधल्या एका साहस शिबिरात मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि ती नेटाने चालवली. त्यानंतर राज्य शासनाने साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेचे नियम केले. २०१८ साली शासननिर्णय निघाला आणि २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आले, ज्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणीचा कागद मागणे हा पालकांचा हक्क आहे. नृत्य-चित्रकलेच्या शिबिराला तो लागू नसेल, पण दोर, होडी, कडा असे काही असेल तर मागायचाच.

दाजीपूरचे उदाहरण घ्या. १९५८ साली गव्यांसाठी राखलेले हे जंगल पुढे राधानगरी अभयारण्य झाले. मुलांना न्यावे अशी याहून चांगली जागा जिल्ह्यात नाही. पण ते कोल्हापूरपासून गाडीने दोन तासांच्या वाटेवर आहे. सापाच्या विषावर प्रतिविष हेच औषध आणि ते दवाखान्यातच मिळते. जवळचे प्रतिविष कुठे आहे, रात्री दोन वाजता शिबिराजवळ गाडी आणि चालक असतो का, आणि फोनला रेंज नसेल तर निरोप कसा जातो, हे संयोजकाला उभ्या उभ्या विचारून पाहावे. ज्याने एकदा तरी तो रस्ता रात्री तपासला आहे, तो गावाचे नाव आणि मिनिटे सांगतो.